पाऊस कुठे गेला?

आमच्या पिढीला गोष्ट ऐकण्याची सवय आधी लागली. गोष्ट पाहण्याची सवय पुष्कळ नंतरची. संध्याकाळी पवित्र माळेची प्रार्थना आटोपली की ओटीवर कंदिलाभोवती बसायचे आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडून जे निघेल ते ऐकायचे, हा घरोघरचा नेम होता. त्या गोष्टींना चित्रे नव्हती, संगीत नव्हते. चित्रे ज्याची त्याने आपल्या मनात काढायची. आज आमच्या घरातील तरुण मुलगी तळहाताएवढ्या यंत्रात गोष्ट पाहते, टिपते, कापते, जोडते आणि क्षणार्धात समुद्रापलीकडे धाडून देते. या बदलाविषयी गाऱ्हाणे मांडण्यासाठी आम्ही लेखणी हाती घेतलेली नाही. आम्ही उभयता निवृत्त शिक्षक. गेल्या हिवाळ्यात घरातच एक आठ-नऊ मिनिटांची चित्रफीत तयार झाली, तिला आमचा हातभार लागला, आणि त्या कामात आमच्या हातून एक चूक घडली. ती यंत्राची नव्हती, मुलीचीही नव्हती. सर्वस्वी आमची होती. वाचकांपैकी अनेकांच्या घरी आज ना उद्या असेच काम निघेल, म्हणून ती येथे सांगतो.

चित्रफितीचा विषय होता सुकेळी, आणि तिच्या केंद्रस्थानी होत्या आमच्या काकू. आमच्यापैकी एकाच्या चुलती आणि दुसरीच्या चुलत सासूबाई. वय वर्षे ८४. आगाशीच्या बाजूला आमच्या घराण्याच्या तीन वाड्या होत्या. आता एक उरली आहे. वसईबाहेरील वाचकांसाठी सांगायला हवे की, सुकेळी म्हणजे उन्हात वाळविलेली राजेळी केळी. घड उतरवून पेंढ्यात पिकवायचा, फळ सोलून बांबूच्या चटईवर मांडायचे, दिवसभर त्याला ऊन द्यायचे, मधूनमधून उलटायचे आणि दव पडण्यापूर्वी उचलून आत घ्यायचे. असे सात-आठ दिवस. फळ हळूहळू आक्रसते, मधाच्या रंगाचे होते आणि केळीच्या वाळलेल्या पानात बांधून ठेवले की पुष्कळ दिवस टिकते. त्यात साखर नाही, औषध नाही. ऊन आणि माणसाचा हात एवढेच. मात्र या धंद्याचा एक शत्रू आहे, तो म्हणजे अवेळी येणारा ढग. हा उद्योग करणारी घरे आता वसईत फार थोडी राहिली आहेत.

काकूंची धाकटी लेक कॅनडात असते. तिच्या मुलांना सुकेळीची चव ठाऊक आहे. ते फळ कोणाच्या हातांतून कसे जाते ते ठाऊक नाही. काकूंची नात येथे महाविद्यालयात शिकते. तिच्या मनात आले की, आजीचे हे काम चित्रित करावे, आधी कॅनडातील भावंडांना पाठवावे आणि पुढे यूट्यूबवर सर्वांसाठी ठेवावे. २००५ साली त्या ठिकाणी जी पहिली चित्रफीत चढविली गेली, ती अवघी १९ सेकंदांची होती. प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा असलेला एक तरुण, एवढेच तिच्यात होते. त्या १९ सेकंदांपासून आजवर सबंध जगाने आपली घरे, स्वयंपाकघरे आणि वाड्या तेथे नेऊन मांडल्या आहेत. मग आमची एक वाडी तेथे का असू नये?

काकूंना या पडद्याची ओळख मार्च २०२० मध्ये झाली होती. मंदिरांची दारे बंद झाली आणि मिस्सा मोबाइलवर आला. काकू समोर मेणबत्ती लावून, डोक्यावर पदर घेऊन, गुडघे टेकून बसत. २७ मार्चच्या रात्री साडेदहा वाजता आपल्याकडे सारे सामसूम असताना पोप फ्रान्सिस संत पेत्राच्या निर्मनुष्य चौकात एकटे चालत आले, तेही काकूंनी पाहिले. रोममध्ये तेव्हा संध्याकाळ होती आणि पाऊस पडत होता. काकू त्या पावसाविषयी पुढे कितीतरी दिवस बोलत होत्या. त्या चित्राचा आमच्या या गोष्टीशी पुढे संबंध येणार आहे.

आम्हां शिक्षकांच्या मनात मात्र प्रारंभी थोडा संकोच होता. गोष्ट सांगायची ती शब्दांनी. चित्र हे शब्दाच्या आळशी भावासारखे, अशी काहीशी आमची समजूत. पण विचार करता ती टिकेना. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, तेव्हा त्यांनीही श्रोत्यांच्या कानाला परिचित असलेले ओवीचे आणि पुराणाचे रूपच स्वीकारले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तर ४ डिसेंबर १९६३ रोजीच संपर्क-माध्यमांविषयी स्वतंत्र आज्ञापत्र काढले. आणि २०२० च्या जागतिक संपर्क-माध्यम दिनासाठी पोप फ्रान्सिस यांनी निवडलेला विषयही गोष्टीचाच होता. निर्गमच्या दहाव्या अध्यायातील, मुलानातवंडांना आपली हकिगत सांगण्याविषयीच्या वचनावर तो आधारलेला होता. आजीने नातवंडांना सांगावे, हेच तर येथे व्हायचे होते. आम्ही होकार दिला, आणि इतक्या उत्साहाने दिला की मुलीचे काम आपल्या हाती घेऊन बसलो.

पहिला प्रयत्न सपशेल फसला. आम्ही सहा पानांचे निवेदन लिहिले. त्यात वसईच्या सुपीक भूमीचा गौरव होता, कष्टकरी स्त्रीशक्तीला वंदन होते आणि अनुप्रास होते. काकूंना ठेवणीतले लुगडे नेसविले, अंगावर दागिने चढविले आणि केळीच्या बुंध्यापाशी उभे करून तीन वाक्ये पाठ करविली. काकू घरी कादोडी बोलतात. प्रमाण मराठीतली ती वाक्ये त्यांच्या तोंडून पहिलीतल्या मुलाच्या कवितेसारखी येऊ लागली. हात सरळ, मान ताठ, नजर यंत्राच्या काचेवर. वारा सुटला होता. ध्वनिमुद्रणात वाऱ्याचा घोंघाट आणि शेजारच्या पंपाचा आवाज यांखेरीज फारसे काही आले नाही. रात्री आम्ही ते पाहिले. काकू म्हणाल्या, “ही बाई कोण? ही केळी सुकवणारी दिसत नाही.”

दुसऱ्या दिवशी नातीने नम्रपणे, पण स्पष्ट शब्दांत आम्हांला बाजूला बसविले. “आजी, तू तुझं काम कर,” ती म्हणाली. “मी काही सांगणार नाही आणि कोणीच काही विचारणार नाही.” तिने फळांच्या दोन रिकाम्या पेट्या एकावर एक रचून त्यांवर मोबाइल आडवा ठेवला. मोठ्या पडद्यावर पाहायचे असेल तर चित्र आडवेच घ्यावे लागते, उभे घेतले की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात, हे आम्हांला तेव्हा कळले. एक लहानसा ध्वनिग्राहक तिने काकूंच्या खांद्यापाशी पदरात टोचला. चित्र थोडे हलले तर पाहणारा क्षमा करतो, आवाज कळला नाही तर तो उठून जातो, असे तिचे म्हणणे. सकाळी सातची आणि दुपारी चारची तिरपी उन्हे तिने निवडली, कारण भर दुपारच्या प्रकाशात डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि चेहरा थकलेला दिसतो. शेवटी खळ्यात कोणी बोलत नसताना तिने अर्धा मिनिट नुसती शांतता टिपून ठेवली. आम्ही हसलो. पुढे संकलनाच्या वेळी दोन तुकड्यांच्या मध्ये आवाज एकदम तुटू लागला, तेव्हा ती शांतताच सांध्यात भरावी लागली. त्या शांततेत कावळा होता, माडाच्या झावळ्या होत्या, लांबवरची आगगाडी होती.

दिवसभर सरकणारे ऊन दाखविण्यासाठी तिने आणखी एक युक्ती केली. दर १० सेकंदांना एक चित्र, असे आठ तास. म्हणजे २,८८० चित्रे. सेकंदाला ३० या वेगाने ती दाखविली की ९६ सेकंदांत सकाळची संध्याकाळ होते. हा हिशेब ऐकून काकू चिंतातुर झाल्या. “आठ तासांचं ऊन दीड मिनिटात? केळी कच्चीच राहतील गं!”

यावरून आम्हांला दादासाहेब फाळके आठवले. १९१० च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट त्यांनी पाहिला, पत्नी सरस्वतीबाईंनाही दाखविला, आणि आपल्या देशातील कथा अशाच पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पण ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये झळकण्यापूर्वी, १९१२ साली, त्यांनी एक लहानसा चित्रपट केला होता. कुंडीत वाटाणा पेरला आणि तो रुजून त्याचे रोप होईपर्यंत महिनाभराहून अधिक काळ एकेक चित्र टिपत राहिले. पडद्यावर ते रोप क्षणांत वाढताना दिसले आणि भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. सरस्वतीबाई दिवसा सगळ्यांसाठी रांधीत आणि रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मच्या कडांना छिद्रे पाडीत. म्हणजे आपल्याकडील या कलेच्या मुळाशीही एक रोप, एका गृहिणीचे हात आणि महिनाभराचा धीर आहे. आमच्या नातीचे यंत्र कितीतरी पटींनी चपळ. पण केळे मात्र फाळक्यांच्या वाटाण्यासारखेच, आपल्या वेळेने चालणारे.

चौथ्या दिवशी, कोणी काही विचारले नसताना, काकू बोलू लागल्या. हात चालू होते. एकेक केळे उलटीत, खाली पाहत त्या सांगत होत्या. साल त्यांना आठवत नव्हते. धाकटी लेक पोटात होती एवढे आठवत होते. त्या वर्षी काकांनी उसनवार करून दुसऱ्यांच्या वाड्यांतलेही घड घेतले होते. सगळी खळी चटयांनी भरली होती. फेब्रुवारीच्या अखेरीस आभाळ भरून आले आणि तीन दिवस पाऊस पडला. फळाला बुरशी आली. टोपल्याच्या टोपल्या म्हशींपुढे ओताव्या लागल्या. देणेकरी दारात उभे राहिले. काका थोरल्या भावाकडे ३०० रुपये मागायला गेले. भावाकडे पैसे होते. त्याने दिले नाहीत. “उन्हाचा धंदा करणाऱ्यानं ढगाचा हिशेब ठेवायला नको?” असे म्हणाला. काकांनी विहिरीलगतची वाडी विकली. पुढची अनेक वर्षे दोघे भाऊ मिस्साला एकाच बाजूच्या बाकांवर बसत. एकमेकांना शांती देण्याची वेळ आली की दोघेही समोर वेदीकडे पाहत. “थोरले गेले तेव्हा यांनी खांदा दिला,” काकू म्हणाल्या. “पण बोलायचं राहून गेलं.” मग त्यांनी पुढची चटई ओढली.

ते थोरले भाऊ म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. दोन घरांचे बोलणे बंद होते हे आम्हांला लहानपणापासून माहीत होते. विहिरीच्या पाण्यावरून काही वाद झाला होता, एवढेच कारण आम्हांला सांगण्यात आले होते. वडील नेमाने दानधर्म करणारे, गावात शब्दाला मान असलेले. त्यांच्या शिस्तीचे दाखले आम्ही वर्गात मुलांना देत आलो. आणि आता पदरात टोचलेल्या त्या मण्याएवढ्या यंत्राने आमच्या देखत हे टिपून घेतले होते. काकूंच्या स्वरात राग नव्हता. तो असता तर आम्हांला अधिक सोयीचे झाले असते.

आठ दिवसांत एकूण सहा तासांहून अधिक चित्रण जमा झाले. त्यातून मुलीने सुमारे साडेनऊ मिनिटांचा पहिला आराखडा तयार केला. पावसाची हकिगत त्यात १ मिनिट ५० सेकंदांची होती आणि ती तिने अखंड ठेवली होती. आम्ही तो आराखडा पाहिला आणि लगेच आपले अभिप्राय देऊ लागलो. विषय सुकेळीचा, त्यात कौटुंबिक प्रसंग कशाला? लोकांना एवढा वेळ कोठे असतो? मध्येच सूर उदास होतो. कॅनडातल्या मुलांना समजणार नाही. एकूण चार कारणे आम्ही दिली. चारही शिकवणीतून आल्यासारखी शुद्ध. पाचवे दिले नाही. मुलीने एकदा आमच्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही. पडद्यावर बोट फिरविले आणि तो भाग नाहीसा झाला. कात्री नाही, कागदाचा तुकडा नाही, जमिनीवर काही पडले नाही. सांधा दिसू नये म्हणून तिने त्या जागी दुसरे चित्र ठेवले. ते होते, ९६ सेकंदांतील काही सेकंद: चटईवर सरकणारे लख्ख ऊन.

कापण्याची ही शक्ती नवी नाही. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांचा शंभर वर्षांपूर्वीचा एक प्रयोग चित्रपटाच्या विद्यार्थ्यांना शिकविला जातो. एका नटाचा एकच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याच्या, तर कधी शवपेटीच्या चित्राशेजारी जोडायचा. प्रेक्षकांना तोच चेहरा एकदा भुकेला वाटतो, एकदा शोकाकुल. चेहरा बदललेला नसतो. शेजार बदललेला असतो. आमच्या घरीही तेच झाले. हकिगतीनंतर काकू क्षणभर आभाळाकडे पाहतात, असे एक दृश्य होते. त्या नजरेत जुनी धास्ती होती. आता तिच्या आधी पाऊस नव्हता, लख्ख ऊन होते. त्यामुळे तीच नजर समाधानी दिसू लागली. आम्ही एकही शब्द खोटा घातला नव्हता. केवळ एक शेजार बदलला होता, आणि ८४ वर्षांच्या बाईच्या चेहऱ्यावरचा अर्थ बदलला होता.

रविवारी मिस्सानंतर सगळे घर जमले. लहानमोठी अकरा माणसे. दूरदर्शन संचावर चित्रफीत लावली. काकूंच्या कादोडी बोलण्याखाली प्रमाण मराठीतील ओळी येत होत्या. त्या आम्ही लिहून दिल्या होत्या. केळीच्या पानाचा कुरकुरता आवाज आला, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजविल्या. शेवटी काकूंचे बांधलेले पुडे, त्यांचे हात आणि अंधार. सगळ्यांनी कौतुक केले. काकूही हसल्या. मग नातीला म्हणाल्या, “छान केलंस बाय. पण पाऊस कुठे गेला?”

कोणी बोलेना. आमच्यापैकी एकाने घसा साफ करून सांगितले, “काकू, जरा लांबत होतं.”

“लांबत होतं?” काकूंनी शांतपणे विचारले. “माझं आठ दिवसांचं ऊन एवढ्याशा वेळात बसवलंत आणि तीन दिवसांच्या पावसाला जागा उरली नाही?” थोडे थांबून त्या म्हणाल्या, “पोपसाहेब त्या दिवशी पावसात उभे होते. तो पाऊस कोणी काढून टाकला होता का?”

त्या संध्याकाळी आम्ही दोघे काकूंकडे गेलो. पाचवे कारण त्यांना सांगितले. वडिलांचे नाव झाकावे म्हणून आपण ते कापायला लावले, मुलीचा त्यात दोष नाही, एवढे बोलायला आम्हांला बराच वेळ लागला. विद्यार्थ्यांकडून चुका कबूल करून घेण्यात आमची हयात गेली. स्वतः कबुली देण्याचा सराव मात्र नव्हता. काकूंनी ऐकून घेतले. रागावतील असे वाटले होते. पण त्यांनी विचारले ते भलतेच. “तुम्हांला माहीत नव्हतं?” आम्ही नाही म्हणालो. “म्हणजे त्यांनी घरातही कधी सांगितलं नाही,” त्या म्हणाल्या. “त्यांनाही ते लागलं असणार.” आमच्या वडिलांची बाजू त्या घरात प्रथम कोणी घेतली असेल, तर ती काकूंनी.

मग निर्णयही त्यांनीच सांगितला. जगाला दाखवायचे त्यात पाऊस राहू द्यावा, म्हशींपुढे ओतलेली केळी राहू द्यावीत, विकलेली वाडीही राहू द्यावी. थोरल्यांचे बोलणे मात्र तेथे नको. “ते गेले. आता परक्यांच्या तोंडी त्यांना कशाला द्यायचं? ते आपल्या घरातलं. पण घरातल्या पोरांना सगळं कळू दे. नाहीतर त्यांनाही विहिरीच्या पाण्याचीच गोष्ट सांगाल.”

आम्ही गोष्टीचे संपादक म्हणून मिरवत होतो. संपादन कशाला म्हणतात ते काकूंनी दाखविले. त्यांनीही कापलेच. पण आम्ही कापले ते स्वतःला वाचविण्यासाठी, आणि त्यांनी कापले ते दुसऱ्याला सांभाळण्यासाठी. ज्याची हकिगत आहे त्याला विचारून कापणे आणि त्याच्या पाठीमागे कापणे, यांत बोटाची हालचाल एकच असते.

मुलीने पुन्हा काम केले. उन्हाचा तुकडा निघाला. हकिगत आता ७० सेकंदांची झाली आणि आभाळाकडे पाहणारी काकूंची नजर पुन्हा तिच्या जागी आली. ही चित्रफीत सर्वांसाठी खुली आहे. ती फार लोकांनी पाहिलेली नाही. नाचगाण्यांच्या मानाने तर काहीच नाही. पण कॅनडातल्या नातवाने ती पाहून आजीला दूरध्वनी केला आणि पहिला प्रश्न विचारला, “आजी, ती वाडी आता कोणाची आहे?” सुकेळीविषयी त्याने दुसऱ्यांदा विचारले.

या अनुभवातून दोन-चार गोष्टी वाचकांसाठी सांगाव्याशा वाटतात. आपल्या धर्मग्रामांत अशी वृद्ध माणसे अजून आहेत. रहाट फिरविलेली, लग्नातली जुनी गाणी तोंडपाठ असलेली, आगगाडीने मुंबईला पानाच्या टोपल्या नेलेली. त्यांच्यासमोर यंत्र ठेवायला पैसा लागत नाही. बहुतेक घरांत ते आहेच. खिडकीचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडेल असे बसवावे. ध्वनिग्राहक त्यांच्याजवळ ठेवावा, पंखा बंद करावा. हातांना काम द्यावे, कारण हात गुंतले की जीभ मोकळी होते. त्यांच्या घरच्या बोलीत त्यांना बोलू द्यावे. अर्थ खाली लिहिता येतो, पण सूर नंतर घालता येत नाही. एक प्रश्न विचारावा आणि मग स्वतः गप्प राहावे. आम्हां शिक्षकांना हेच सर्वांत जड गेले. मूळ चित्रणाच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. आणि कोठेही धाडण्यापूर्वी ती आधी त्या माणसाला दाखवावी, आणि पाऊस कुठे गेला असे त्याने विचारलेच, तर खरे उत्तर द्यावे.

वाचक विचारतील की, काकूंनी जे झाकून ठेवायला सांगितले ते आम्ही येथे कसे लिहिले. हा लेख पाठविण्यापूर्वी आम्ही तो काकूंना वाचून दाखविला. वडिलांचा भाग आला तेथे थांबून विचारले. त्या म्हणाल्या, “माझ्या तोंडून ते जायला नको होतं. तुमचे वडील, तुमची लेखणी. तुम्हांला लिहावंसं वाटतं तर लिहा.” तेव्हा हे जे लिहिले आहे त्याची जबाबदारी काकूंची नाही, आमची आहे. वडिलांचा आम्हांला आजही आदर वाटतो. त्यांच्या पुण्यतिथीला यंदा मिस्सा अर्पण केला तेव्हा काकू आमच्याच बाकावर बसल्या होत्या. शांती देण्याच्या वेळी त्यांनी आमच्याकडे वळून हात जोडले.

अखंड चित्रण आम्ही दोन ठिकाणी जपून ठेवले आहे. त्यातील एक प्रत आमच्या कपाटात, बाप्तिस्म्याचे आणि लग्नाचे दाखले ठेवतो त्या पत्र्याच्या पेटीत आहे. मुलीने तिच्यावर चिठ्ठी चिकटवून तीन शब्द लिहिले आहेत: आजी, सुकेळी, पाऊस.